नवशिक्याचा अधिकार : लेथ, तानपुरा आणि परिसंवाद

आजचा विषय फळ्यावर वाचून काहींना थोडं हसू आलं असेल. तत्त्वज्ञानाचा माणूस लाकूडकामावर काय बोलणार? पण माझा प्रश्न जुनाच आहे, आणि तो तत्त्वज्ञानातलाच आहे: शिकण्याचा अधिकार कोणाला? तो आज मी लेथवर चढवून बघणार आहे.

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये लाकूड कातणाऱ्यांचे परिसंवाद भरतात. दोन-तीन दिवस एखाद्या शाळेत किंवा मोठ्या सभागृहात माणसं जमतात. प्रत्येक खोलीत एक लेथ आणि एक कसलेला कारागीर. तो बोलतो, हात चालवतो, भुसा उडतो आणि समोर बसलेली माणसं बघतात. त्या माणसांत निवृत्त शिक्षक असतात, डॉक्टर असतात, गॅरेजमध्ये एक जुना लेथ घेऊन बसलेला एखादा कारकून असतो. यांच्यातला कोणी सुताराच्या घरात जन्मलेला असेलच असं नाही. ज्यानं कालच पटाशी हातात धरली, तोही पहिल्या रांगेत बसतो आणि हात वर करून प्रश्न विचारतो. मला यात इतिहासाची एक मोठी घटना दिसते. हा नवशिका त्या रांगेपर्यंत पोचला कसा? आणि आपल्या सातारा-सांगलीकडे तो कुठवर पोचला आहे?

आधी शब्दाकडे बघू. मराठीत सूत कातायचं, तसं लाकूडही कातायचं. लाकूड फिरतं ठेवून त्याला गोल आकार देणारा तो कातारी. आपण हे विसरलो, पण भाषा विसरलेली नाही. एखाद्याच्या चेहऱ्याला आपण ‘कातीव’ म्हणतो, तेव्हा तो शब्द कातकामातूनच घेतलेला असतो. वस्तूही घरातल्याच आहेत. लाटणं, भोवरा, बुद्धिबळाची प्यादी, पाळण्याचे दांडे, पलंगाचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब. सावंतवाडीची लाकडी खेळणी बघा. लाकूड फिरत असतानाच त्यावर लाखेची कांडी दाबायची, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि रंग अंगावर चढतो.

जुना लेथ दोरीचा किंवा धनुकलीचा. एक जण दोरी ओढणार, दुसरा हत्यार धरणार. लाकूड एकदा पुढं फिरतं, एकदा मागं. कापायचं ते फक्त पुढच्या फेऱ्यात, मागच्या फेऱ्यात हत्यार किंचित उचलायचं. विजेच्या मोटरीनं हा श्वास घेतल्यासारखा ताल संपवला, पण मूळ कसब तेच राहिलं. पटाशीची पाठ आधी लाकडाला टेकवायची, मग मूठ हळूच उचलत जायची, म्हणजे धार आपोआप लाकडाला भेटते. पाठ न टेकवता धार आधी लावली, तर पटाशी लाकडात रुतते, हिसका बसतो आणि अर्धं काम फुकट जातं. आता बघा, हे मी तुम्हाला दोन वाक्यांत सांगितलं. तुम्हाला कळलंही. पण उद्या सकाळी तुम्हाला ते करता येईल का? नाही येणार.

इथे तत्त्वज्ञान सुरू होतं. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञानं 1949 साली एक भेद ठळकपणे मांडला: एखादी गोष्ट ‘अशी आहे’ हे माहीत असणं वेगळं आणि ती ‘कशी करायची’ हे येणं वेगळं. त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी चीनमध्ये च्वांग-त्झूच्या ग्रंथात एका चाकं घडवणाऱ्याची गोष्ट आली आहे. राजा ग्रंथ वाचत बसलेला असतो. चाकवाला त्याला म्हणतो, महाराज, तुम्ही वाचताय तो मेलेल्या माणसांचा चोथा आहे. राजा चिडतो, कारण विचारतो. म्हातारा सांगतो की चाक घडवताना हात ना फार सैल हवा ना फार घट्ट. ते माझ्या हाताला कळतं, तोंडाला सांगता येत नाही. मुलालाही मला ते देता आलं नाही, म्हणून सत्तरी उलटली तरी मीच चाकं घडवतोय.

सत्तरी उलटलेल्या माणसाला ही गोष्ट जरा जास्तच लागते, हे कबूल. पण तिच्यातला मुद्दा नीट पाहा. जे ज्ञान सांगता येत नाही, ते शेजारी बसूनच घ्यावं लागतं. मग शेजारी कोणाला बसू द्यायचं, हा प्रश्न नुसत्या शिष्टाचाराचा राहत नाही. ते ज्ञान पुढं जगणार की नाही, हे त्यावर ठरतं.

आपल्या वेदान्ताच्या प्रकरणग्रंथांत सुरुवातीलाच चार गोष्टी सांगायची रीत आहे: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. त्यात पहिला येतो अधिकारी. शास्त्रात त्याचा अर्थ तयारी असलेला माणूस असा होता. व्यवहारात मात्र अधिकार जन्मावर ठरला. सुताराचा मुलगा सुतार, कातारीचा मुलगा कातारी. आणि हे फक्त आपल्याकडेच घडलं असं समजू नका. लंडनच्या कातकाम करणाऱ्यांच्या संघाला 1604 साली राजाची सनद मिळाली. त्या शहरात हा धंदा कोणी करायचा, हे संघ ठरवू लागला. 1701 मध्ये शार्ल प्लुमिए नावाच्या एका फ्रेंच संन्याशानं कातकामावर सचित्र ग्रंथ काढला. जे कारखान्याच्या भिंतीआड होतं, ते छापील पानावर आलं. दार थोडं किलकिलं झालं, एवढं म्हणू. पुस्तकानं हात तयार होत नाही हे आपण आत्ताच पाहिलं.

आता आपल्या मुलखात येऊ. मिरजेचा तानपुरा आणि सतार देशभर जाते. मंगळवेढा-पंढरपूर भागातला मोठा, जाड सालीचा भोपळा येतो, महिनोन्‌महिने वाळतो. तुणीच्या लाकडाचा गळा, दांडी आणि तबली होते. आणि खुंट्या कातल्या जातात. तानपुऱ्याला चार, सतारीला तरफांसकट अठरा-वीस. खुंटी ही वस्तू दिसते साधी, पण तिच्याकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. गायकानं पिळली की फिरली पाहिजे, आणि हात काढला की जागच्या जागी अडली पाहिजे. तिचा निमुळतेपणा आणि भोकाचा निमुळतेपणा तंतोतंत जुळला तरच हे जमतं. लेथ खुंटीला आकार देतो, शेवटची जुळणी हात करतो. खडू लावायचा, फिरवून बघायचं, पुन्हा एक केसभर काढायचं.

ही कला मिरजेत आली कुठून? परंपरेनं सांगितलं जातं ते असं. एकोणिसाव्या शतकात पटवर्धनांच्या संस्थानात फरीदसाहेब म्हणून एक शिकलगार होते. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, ती दुरुस्त करणारे. इंग्रजी अमलात तलवारीची मागणी आटली. दरबारात गाणं होतं, वाद्यं नादुरुस्त होत होती आणि दुरुस्ती करणारे लांब होते. या शिकलगारांनी वाद्य हातात घेतलं, खोललं, समजून घेतलं आणि मग स्वतः घडवलं. आज त्यांचे वंशज आणि शिष्य मिळून सतारमेकर म्हणून ओळखले जातात.

यातली गंमत लक्षात आली का? ज्यांना आपण या कलेचे मूळपुरुष म्हणतो, ते या कलेत नवशिके होते. त्यांच्या घरात तानपुरा नव्हता, तलवार होती.

पुढं बघा. अब्दुल करीम खाँ किराण्याहून आले आणि मिरजेचे झाले. 1913 साली त्यांनी पुण्यात संगीत विद्यालय काढलं, घराबाहेरच्या मुलांना शिकवलं. म्हणून तर ‘घराणं’ हा शब्द रक्तापुरता उरला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं तसंच. चित्रकला शिकायला मुंबईला गेले, रंगांधळेपणामुळे रंग सोडावे लागले आणि यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. त्या विषयाचे शिक्षक झाले, पुढं कारखानदार. 1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर, कुंडलजवळ, किर्लोस्करवाडी उभी राहिली. पिढीजात लोहार कोणीच नव्हतं. लोखंडी नांगर ओतायचा तर आधी लाकडाचा नमुना हवा, तो वाळूत दाबायचा आणि त्या पोकळीत रस ओतायचा. म्हणजे ओतीव लोखंडाच्या मागे लाकूडकाम करणारा हात असतोच. हे नांगर गावोगाव फिरून विकणाऱ्यांत एक होते भाऊराव पाटील. त्यांनी 1919 साली कराडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वतः राबून शिकत. जन्मानं नाकारलेला अधिकार श्रमानं मिळवता येतो, हे त्यांनी करून दाखवलं.

म्हणजे कृष्णेच्या या खोऱ्यात जे जे उभं राहिलं, त्यातलं बरंचसं परंपरेचा हक्क नसलेल्यांनी उभं केलं. मग पुढच्या नवशिक्याला आपण दारात का उभं करतो?

आता अमेरिकेकडे वळू. 1976 साली पेनसिल्व्हेनियातल्या न्यूटाउन गावी एका शाळेच्या लाकूडकामाच्या वर्गात अल्बर्ट आणि अ‍ॅलन लेकॉफ हे भाऊ आणि तिथले शिक्षक पामर शार्पलेस यांनी लाकूड कातणाऱ्यांचे परिसंवाद सुरू केले. त्यांच्याकडे परंपरा जवळजवळ तुटली होती. कारखान्यांनी हातकाम गिळलं होतं. जे उरले होते ते एकेकटे, आपापल्या तळघरात चाचपडत होते. तिथं घराणंच नव्हतं, म्हणून त्यांनी मेळावा शोधून काढला. त्यातून पुढं 1986 मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना झाली. त्यांची एक प्रथा मला फार आवडते. परिसंवादात एक मोठी खोली असते. आलेल्या कोणीही आपण केलेली वस्तू तिथं मांडायची. आधी निवड नाही, परीक्षक नाहीत. उस्तादाचा कागदासारखा पातळ वाडगा आणि नवशिक्याचा जाडजूड, एका बाजूला झुकलेला वाडगा शेजारी-शेजारी. नवशिका दोन्ही हातात घेऊन बघतो. वजनातला फरक त्याच्या तळव्याला कळतो. तो फरक सांगायला शंभर पानं लागली असती.

आता माझ्या बोलण्यावर एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. तिकडचे बहुतेक जण हौशी. त्यांचं पोट लेथवर नाही. मिरजेच्या कारागिराचं आहे. त्याला जमीन नाही, पेन्शन नाही, हातातली गुपितं हीच त्याची इस्टेट. ती त्यानं व्यासपीठावर उधळायची, आणि टाळ्या वाजवायला आपण? पेन्शन घेणाऱ्या प्राध्यापकानं कारागिराला उदार व्हायला सांगणं सोपं असतं. म्हणून मी तसं सांगणार नाही.

मी एवढंच म्हणतो, हिशेब दोन्ही बाजूंनी मांडा. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट. पण या कायद्यानं नाव राखलं जातं. मिरजेबाहेरच्या मालावर मिरजेचं नाव लागू नये, एवढं तो बघतो. शेजारी बसणारा शिष्य कायदा देत नाही. कारागिराचा मुलगा शिकून नोकरीला गेला तर त्यात वाईट काही नाही. भाऊरावांनी शाळा काढल्या त्या याचसाठी. पण मग त्या रिकाम्या पाटावर कोण बसणार? घरचा बसत नाही आणि बाहेरच्याला बसू देत नाही, तर गुपित सुरक्षित राहतं खरं, पण चाकवाल्याच्या गुपितासारखं.

शिवाय नवशिका म्हणजे प्रतिस्पर्धीच, हेही खरं नाही. लेथवर दोन दिवस घालवलेल्या शंभर जणांपैकी नव्व्याण्णव कधीच तानपुरा करणार नाहीत. पण ते खुंटीकडे आदरानं बघतील, तिची किंमत घासाघीस न करता देतील. उरलेला एक कदाचित पाटावर बसेल. आणि शिकवणाऱ्याला मानधन हवंच, तेही गवयाला देतो तसं, पाकिटात दडवलेली नारळाची दक्षिणा नव्हे.

मिरजेत याला जागा तयार आहे. ख्वाजा शमना मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी संगीतसभा होते. तिथं मोठमोठे कलाकार हजेरी लावतात आणि नवे गाणारेही त्याच जागी गातात. गाणाऱ्यांची हजेरी आहे, तशी घडवणाऱ्यांची का नसावी? त्याच दिवसांत शेजारी एक मांडव, चार लेथ, एक भोपळा कापणारा, एक जवारी लावणारा. साताऱ्याहून एसटीनं पोरं येतील. आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड शिकणारी मुलं लोखंड कातायला शिकतातच. लाकूड कातताना कानानं कसं ऐकायचं, ते त्यांना कारागीर दाखवील.

शेवटी एकच सांगतो. परिसंवादाला ज्या ग्रीक शब्दावरून इंग्रजी नाव पडलं, त्याचा मूळ अर्थ एकत्र बसून पिणं. प्लेटोच्या त्या नावाच्या संवादात अ‍ॅगॅथॉनच्या घरी मेजवानी आहे. सॉक्रेटिस वाटेत अ‍ॅरिस्टोडेमस नावाच्या माणसाला बरोबर घेतो. याला आमंत्रण नाही. त्यात सॉक्रेटिस विचारात गुंगून मागंच थांबतो आणि हा बिचारा एकटाच दारात पोचतो. अ‍ॅगॅथॉन त्याला बघून म्हणतो, अरे ये, काल तुलाच शोधत होतो. आणि गंमत अशी, की त्या रात्री कोण काय बोललं ते आपल्यापर्यंत आलं आहे ते याच माणसाच्या तोंडून. निमंत्रित सगळे बोलून गेले. लक्षात ठेवून पुढं दिलं ते न बोलावता आलेल्यानं.

थांबतो. कोणाचे प्रश्न असतील तर घेऊ.