आडात तेच बाटलीत

कोला आणि पाणी यांत फरक किती? जमीन-अस्मानाचा, असं आपण पटकन म्हणतो. पण हिशेब मांडून बघा. ३०० मिलिलिटर कोलात साधारण ३२ ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ चमचे. कॅफिन तीसेक मिलिग्रॅम. शिवाय थोडं फॉस्फोरिक आम्ल, दाबाखाली विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड, कॅरॅमलचा रंग आणि चवीची द्रव्यं. उरलेलं जवळपास नव्वद टक्के पाणीच.

दहा टक्क्यांची करामत मात्र मोठी आहे. शुद्ध पाण्याचा पीएच ७, कोलाचा अडीचच्या आसपास. पीएच एक अंकाने उतरला की आम्लता दहापट होते, म्हणजे साडेचार अंकांत सुमारे तीस हजार पट. हा आंबटपणा जिभेला जाणवत नाही, कारण साखर तो झाकते. दातांपासून तो लपत नाही. पीएच साडेपाचच्या खाली गेला की दातांवरचं एनॅमल विरघळू लागतं. आणि बारामती-इंदापूरच्या उसातून निघते तीच साखर या आम्लात हळूहळू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते.

आपल्याकडचं पहिलं मोठं भांडण या दहा टक्क्यांवरून झालं. १९७७ साली जनता सरकार आलं. उद्योगमंत्री होते मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेले जॉर्ज फर्नांडिस. १९७३च्या फेरा कायद्याप्रमाणे कोका-कोलाने भारतीय कंपनीतला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा, असा सरकारचा आग्रह होता. तसं केलं तर गुप्त फॉर्म्युलाही हातचा जाईल म्हणून कंपनीने गाशा गुंडाळला. मग सरकारी कंपनीने 'डबल सेव्हन' काढलं, तर मुंबईच्या पार्लेने 'थम्स अप'. १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि तिने थम्स अपच विकत घेतलं. या सगळ्यात चर्चा फॉर्म्युल्याची आणि मालकीची. पाण्याबद्दल कोणी विचारलं नाही.

ते विचारलं गेलं २००३ साली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने फेब्रुवारीत बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. सरकारने मर्यादा ठरवली: एका कीटकनाशकासाठी लिटरमागे ०.०००१ मिलिग्रॅम, सगळी मिळून ०.०००५. ऑगस्टमध्ये संस्थेने कोला आणि इतर शीतपेयं तपासली. त्यात लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस सापडल्याचं सांगितलं. कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले.

गंमत अशी, की आपल्या अन्नभेसळ नियमांत या पेयाचं नावच 'कार्बोनेटेड वॉटर' होतं. व्याख्या साधी: कार्बन डायऑक्साइड भरलेलं पिण्याजोगं पाणी, त्यात साखर वगैरे घालायला मुभा. पण बाटलीबंद पाण्याला कीटकनाशकांची मर्यादा लागली, तशी कोलाला नव्हती. साखर आणि रंग पडताच पाणी जणू पाणी राहिलं नाही.

संसदेने संयुक्त समिती नेमली. स्वतंत्र भारतातली ही चौथी. आधीच्या तीन बोफोर्स आणि शेअर बाजारातल्या घोटाळ्यांवर. अध्यक्ष होते बारामतीचे खासदार शरद पवार, म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या कळसचेही खासदार. पाणी हाच मुख्य घटक असलेल्या पेयांसाठी सुरक्षेचे निकष सुचवणं, हेही समितीचं काम होतं. फेब्रुवारी २००४ मध्ये अहवाल आला. समितीने संस्थेचे निष्कर्ष योग्य ठरवले आणि शीतपेयांसाठी कडक मानकं हवीत असं सांगितलं.

आपल्याकडे म्हणतात, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. इथे उलटं वाचायचं: आडात आहे तेच पोहऱ्यात येणार, आणि बाटलीतही. शेतावर फवारलेलं औषध जमिनीत मुरतं आणि भूजलात उतरू शकतं. कारखाना ते पाणी कार्बनमधून, मेम्ब्रेनमधून गाळू शकतो. कळससारख्या गावात विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पिणाऱ्याकडे तेवढी यंत्रणा नसते.

गावपातळीवर पाणी तपासायच्या किटने पीएच, नायट्रेट, फ्लोराइड कळतं. कीटकनाशक कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच न्यावा लागतो. कोलाच्या पाण्यासाठी संसदेची समिती बसली. आपल्या विहिरीचा नमुना शेवटचा कधी गेला, हे ग्रामसभेत आपणच विचारायचं आहे.