खारातला राता

खारपाड्याला पाताळगंगा ओलांडून पेणच्या वाटेला लागले की जिते येते. आगगाडीने जाणाऱ्याला ते एक लहानसे स्टेशन. माझे लक्ष मात्र पेणच्या खाडीकाठच्या खारपाटाकडे जाते. भात आणि माणूस एकमेकांना कसे बांधले गेले, ते तेथे अजून पाहावयास मिळते.

रानटी भात दाणा पिकताच गाळून टाकते. पाखरांच्या आधी चिखल गाठावयाचा, एवढीच त्याची काळजी! डबक्यांतून आपोआप उगवणारे आपले देवभात असेच. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य, म्हणून काही घरांत ते मुद्दाम शोधून आणतात. नांगराच्या आधीचे जेवण असे वर्षातून एकदा पानात पडते. माणूस मात्र लोंबीला टिकलेलेच दाणे घरी आणीत आला आणि तेच पेरीत आला. चीनमधील यांगत्सेच्या खोऱ्यात हे काम हजारो वर्षे चालले होते. एका जनुकातील बारीकशा बदलाने दाणा गळावयाचा थांबतो, हे 2006 साली संशोधकांनी दाखविले. झोडणारा आणि पेरणारा कोणी नसेल तर अशा भाताचा वंश चालणे कठीण.

पण माणूस तरी कोठे मोकळा राहिला? कुलाबा जिल्ह्यात (1981 पासून रायगड) खाडीला बांध घालून मिळविलेल्या जमिनीला शिलोत्री म्हणत. भरती उघाडीशी अडवावयाची, ओहोटीला पावसाचे पाणी सोडावयाचे, बांधाला खांड पडली की रात्री-अपरात्री धावावयाचे. पावसाने मीठ धुतले गेले की मोड आलेले बी चिखलात फेकतात. ही रहू पेरणी. तेथे पिकतो तो राता, तांबड्या दाण्याचा, खारटपणा सोसणारा. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे काळा राता 1-24 आणि भुरा राता 4-10 हे वाण याच कुळातले. माझी आत्या राताची पेज प्यायली की, “आता दुपारपर्यंत भुकेचं नाव नको,” म्हणायची. आम्हा पोरांना हवा पांढराशुभ्र कोलम!

बांध राखणारा एक आणि भात नेणारा दुसरा, हे किती दिवस चालणार? अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली 1933 ते 1939 जमीन कसलीच नाही. पेरणाराच बसून राहिला, तेव्हा भाताला त्याच्यावाचून गती नाही हे खोतांना पुरते कळले. पुढे 1939 आणि 1948 साली कूळकायदे झाले. 1948 सालीच खारजमिनींचाही कायदा झाला. जमीन कुळाची झाली, पण पुष्कळ बांध सरकारच्या स्वाधीन गेले. आज फुटलेल्या बांधाआड खारफुटी माजते, आणि तिला हात लावावयास 2005 पासून न्यायालयाची मनाई आहे. मनाई योग्यच, पण खालची जमीन शेतकऱ्याची असते.

दमट कोकणात भाताचे बी फार काळ जिवंत राहत नाही. तीन-चार हंगाम खाडी शेतात राहिली की ते वाण घरातून जातेच. माझ्या ओळखीच्या दोन घरांतून राताचे बी असेच गेले. तिसऱ्या घरी अजून एक कणगी भरलेली आहे.