जुन्या मोटारीची पारख

रायपूर शहराच्या मधोमध जो मोठा रस्ता जातो, त्याला सारे लोक ‘जी. ई. रोड’ म्हणतात. या दोन अक्षरांमागे ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ हे जुने नाव दडलेले आहे, याचे स्मरण रोज त्यावरून जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच असते. नागपूरहून निघून राजनांदगाव, दुर्ग, रायपूर अशी गावे घेत पूर्वेकडे जाणारा हा राजमार्ग. अशा रस्त्यावर एखाद्या सकाळी उंच चाकांची, पितळी भोंग्याची, उघड्या टपाची मोटार आली, तर माणसे थांबतात. बहुतेकांच्या तोंडून एकच प्रश्न निघतो: ‘केवढ्याची असेल?’ परंतु गर्दीत एखादा खरा शौकीन असला, तर तो किंमत विचारीत नाही. तो गाडीभोवती एक फेरी घालतो, वाकून चाकांकडे पाहतो, बॉनेट उघडण्याची परवानगी मागतो आणि मग विचारतो: ‘कोणत्या सालची? आणि कशावरून?’

हा ‘कशावरून’ फार महत्त्वाचा आहे. जुन्या मोटारींचा नाद हा श्रीमंतांचा चाळा आहे, अशी सर्वसामान्य समजूत असते, आणि तीत तथ्य नाही असे नव्हे. पण नाद आणि पारख या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नादाला पैसा लागतो. पारखेला पुरावा लागतो. नाणी किंवा ताम्रपट पाहणारा अभ्यासक ज्या सावधपणाने वस्तूकडे पाहतो, तोच सावधपणा मोटारीच्या पारख्याला अंगी बाणवावा लागतो.

छत्तीसगडासारख्या वनप्रदेशात मोटारी आल्या कशा, याचे उत्तर इतिहासात आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांताची रचना झाली, आणि तेव्हापासून १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूरहूनच चालत राहिला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने या गावाला एकीकडे नागपूर-मुंबईशी व दुसरीकडे कलकत्त्याशी जोडले. देशात मोटारी ज्या दोन मोठ्या बंदरांत उतरत, त्या दोहोंच्या वाटेवर रायपूर पडले.

परंतु आगगाडीचा रूळ संपला की पुढचा प्रवास बैलगाडीचा आणि हत्तीचा होता. छत्तीसगडात चौदा संस्थाने होती. राजनांदगाव, रायगड आणि सक्ती ही लोहमार्गावर होती. पण बस्तर, कांकेर, सरगुजा, जशपूर ही त्यापासून दूर, डोंगर-जंगलांच्या आड होती. रायपूरहून धमतरीपर्यंत १९०० साली अरुंद मापाची आगगाडी सुरू झाली. पण जगदलपूरला जायचे तर कांकेर ओलांडून केशकालचा घाट चढावा लागे. तेथील बारा वळणांमुळे लोक त्याला ‘बारा भंवर’ म्हणतात. अशा मुलखात मोटार ही केवळ चैन नव्हती. ती राज्यकारभाराची सोय होती. त्यात भर पडली ती राजकुमार कॉलेजची. १८८२ साली जबलपुरास निघालेली ही संस्था १८९४ साली रायपुरास आली. छत्तीसगड आणि ओरिसाकडील संस्थानिकांचे पुत्र येथे एकत्र शिकत. एकाने पाहिलेली नवलाची वस्तू दुसऱ्याला हवीशी वाटावी, हा मनुष्यस्वभावच आहे. संस्थानिकांच्या पाठोपाठ मालगुजार, वकील आणि लाकडाचे ठेकेदार यांनीही मोटारी घेतल्या.

पुढे १ जानेवारी १९४८ रोजी ही संस्थाने भारतात विलीन झाली. १९५१ साली मालगुजारी गेली, १९७१ साली संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. राजवाड्याच्या मोटारखान्यातील गाडी पोसणे कठीण झाले. अशा गाड्यांच्या वाट्याला साधारणपणे तीन गती आल्या: काही विकल्या गेल्या, काही ठेकेदारांच्या हाती जाऊन ओझी वाहू लागल्या, काही गोठ्याशेजारच्या पडवीत धूळ खात राहिल्या. आज पारख्यापुढे जी गाडी येते, ती बहुधा या तिन्ही अवस्थांतून गेलेली असते. म्हणूनच तिची ओळख पटविणे सोपे नसते.

आरंभी शब्दांचा घोळ निस्तरणे इष्ट आहे. प्रत्येक जुन्या मोटारीला ‘व्हिंटेज’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. पण या शब्दाला ठराविक अर्थ आहे. इंग्लंडमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या संकेतानुसार १९१९ च्या आरंभापासून १९३० च्या अखेरपर्यंत बनलेली गाडी ती ‘व्हिंटेज’. त्याहून जुनी ती ‘व्हेटरन’. ‘क्लासिक’ या शब्दाची व्याख्या मात्र देशोदेशी बदलते. आपल्याकडील मेळाव्यांतून सामान्यतः १९३० नंतरच्या, महायुद्धापूर्वीच्या व युद्धकाळातील गाड्यांना हे नाव देतात. १९६४ साली दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने जुन्या मोटारींची दौड सुरू केली. तिच्यामुळे हे शब्द आणि त्यामागची दृष्टी या देशात रुजली.

आता प्रत्यक्ष पारखेकडे वळावे. पहिली नजर दिव्यांवर टाकावी. कार्बाइडच्या वायूवर जळणारे पितळी दिवे असतील, तर गाडी बहुधा पहिल्या महायुद्धाच्या आसपासची किंवा त्यापूर्वीची. विजेचे दिवे मडगार्डांच्या मध्ये दांड्यावर बसविलेले असतील, तर ती विशी-तिशीतली. आणि दिवे मडगार्डातच सामावले असतील, तर ती तिशीच्या अखेरची वा नंतरची. दुसरी नजर चाकांवर: लाकडी आरे जुने, तारांचे आरे आणि पत्र्याच्या तबकड्या बहुधा नंतरच्या. तिसरी नजर चाकांच्या आत: आरंभीच्या बहुतेक गाड्यांना ब्रेक केवळ मागच्या चाकांना असत, पुढच्या चाकांना ते १९२० नंतरच्या दशकात सर्रास येऊ लागले. एक खूण फसवू शकते. तीन खुणा एकाच सालाकडे बोट दाखवू लागल्या, म्हणजे विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

फोर्डची ‘मॉडेल टी’ हे या विद्येचे प्राथमिक पुस्तक म्हणता येईल. १९०८ ते १९२७ या काळात ही गाडी दीड कोटीहून अधिक निघाली. तिच्या रेडिएटरचे कवच १९१६ पर्यंत पितळेचे होते; त्यानंतर ते काळ्या रंगाच्या पोलादी पत्र्याचे झाले. तेव्हा ‘ही १९२२ ची मॉडेल टी’ असे सांगून कोणी चकाकते पितळ दाखवू लागला, तर एक तर साल चुकले आहे किंवा पितळ मागाहून चढविले आहे. ब्रिटिश साम्राज्यातील देशांना फोर्डच्या गाड्या कॅनडातील कारखान्यातून येत. अमेरिकेत बनलेल्या उघड्या मॉडेल टीला डावीकडील पुढचे दार बरीच वर्षे केवळ दिखाऊ होते. कॅनडातील गाडीला पुढची दोन्ही दारे उघडणारी असत. एवढ्याशा दाराच्या बिजागरीवरून गाडी कोणत्या देशातून आली हे कळते! मॉडेल टीच्या पाठोपाठ आलेल्या ‘मॉडेल ए’चेही असेच. १९२८ व १९२९ च्या गाडीची चाके एकवीस इंची, १९३० व १९३१ ची एकोणीस इंची. हातातल्या मोजपट्टीने तारीख सांगता येते, ती अशी.

१९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. परदेशांतून खोक्यांत भरून आलेले सुटे भाग तेथे जोडले जात. तेथून निघालेल्या गाड्यांत शेव्हरोलेचा मोठा भरणा होता. शेव्हरोलेने १९२९ साली चार सिलिंडरांच्या जागी सहा सिलिंडरांचे इंजिन आणले. म्हणून बॉनेट उघडून सिलिंडर मोजणे, ही त्या गाडीच्या परीक्षेतील पहिली पायरी ठरते.

छत्तीसगडातील जंगलवाटांना जिचा खरा उपयोग झाला ती गाडी मात्र राजवाड्यातली नव्हे, ती जीप. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बनविल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील कित्येक लिलावात निघाल्या, आणि वनखात्यापासून शिकाऱ्यापर्यंत सर्वांच्या उपयोगी पडल्या. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप जुळविण्यास आरंभ केला. युद्धातली जीप आणि नंतरची नागरी जीप दुरून सारख्याच दिसतात. पण युद्धकाळातील पत्र्याच्या दर्शनी जाळीला नऊ फटी, तर नागरी जीपला सात. युद्धातल्या जीपचे दिवे बिजागरीवर उलटे फिरवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येतो. विलीजच्या चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा, तर फोर्डचा उलट्या पन्हळीसारखा. फोर्डने तर आपल्या जीपच्या बोल्टांच्या माथ्यावर ‘एफ’ हे अक्षर उठविले. सत्तर-ऐंशी वर्षांचे वंगण पुसून ते अक्षर जेव्हा दिसते, तेव्हा पारख्याला होणारा आनंद शिलालेखातील अक्षर लागल्याच्या आनंदाहून निराळा नसावा.

वस्तूइतकीच परीक्षा कथेचीही करावी लागते. संस्थानी मोटारींभोवती दंतकथांचे जाळे विणले गेले आहे. विलायतेत दुकानदाराने अपमान केला, म्हणून कोण्या महाराजांनी रोल्स-रॉईस गाड्या विकत घेऊन कचरा वाहण्यास लावल्या, ही कथा सर्वांनी ऐकलेली असते. पण ती कोणी अलवारच्या नावावर सांगतो, कोणी भरतपूरच्या, कोणी हैदराबादच्या, तर कोणी पतियाळाच्या. एकच कथा इतक्या दरबारांत फिरू लागली, की ती इतिहास राहत नाही. ती लोककथा होते. खरी गोष्ट शोधावयाची तर कागद पाहावा. त्या काळी रोल्स-रॉईस केवळ चासी आणि इंजिन देई. वरचा साज हूपर, बार्कर यांसारखे कारागीर चढवीत. प्रत्येक चासीला क्रमांक असे, आणि ती कोणासाठी बनली याची नोंद ठेवली जाई. त्या नोंदी इंग्लंडमधील शौकिनांच्या संस्थेने जपून ठेवल्या आहेत. दंतकथा ज्या प्रश्नाला हजार उत्तरे देते, त्याला तेथील एक पुठ्ठ्याचे कार्ड एकच उत्तर देते.

मागच्या पाटीवरील क्रमांक मात्र जपूनच वाचावा. मध्य प्रांतातील गाड्यांवर ‘सी. पी.’ ही अक्षरे असत, पुढे ‘एम. पी.’ आली, १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाल्यावर ‘सी. जी.’ आली. गाडी एका प्रांतातून दुसऱ्यात गेली की पाटी बदले. तेव्हा पाटी गाडीचा प्रवास सांगते, जन्म सांगत नाही.

येथवर ओळख झाली. रसग्रहणाचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि या साऱ्या विषयाचे मर्मही तेथेच आहे. एखादी गाडी सापडली की तिला नवा रंग, नवा मुलामा, नवे कातडे चढवून ती लखलखीत करण्याकडे अनेकांचा ओढा असतो. अशी गाडी बक्षिसे मिळवते. पण तिच्या अंगावरचा सारा भूतकाळ घासून निघालेला असतो. याच्या उलट असते ती मिस्त्रीच्या हातची गाडी. परदेशी सुटा भाग मिळेनासा झाला, तेव्हा गावच्या मिस्त्रीने लेथवर तो घडविला. पेट्रोल परवडेना, तेव्हा जीपमध्ये डिझेलचे इंजिन बसविले. कट्टर शौकीन याला भ्रष्ट रूप म्हणतो. पण त्या डिझेल इंजिनानेच ती जीप भंगारातून वाचली, हेही खरे आहे.

हा वाद केवळ आवडीनिवडीचा राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. या गाड्यांच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्ही. ए.’ ही अक्षरे येतात. नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते. मात्र गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. अट रास्तच आहे. तिच्यावाचून कोणतीही जुळवाजुळव ‘व्हिंटेज’ म्हणून खपेल. परंतु या मापाने डिझेलवर जगलेली जीप बाहेर राहते, आणि तिच्याबरोबर एका मुलखाने टंचाईच्या काळात यंत्र कसे जिवंत ठेवले याची साक्षही बाहेर राहते. जगभरच्या शौकिनांच्या महासंघाने २०१३ साली मान्य केलेल्या ट्यूरिनच्या सनदेत, वापराच्या काळात गाडीवर उमटलेल्या खुणाही तिच्या इतिहासाचा भाग मानल्या आहेत. आपल्याकडे या विचाराची अधिक गरज आहे. कारण येथे गाडी बनविणाऱ्यापेक्षा ती टिकविणाऱ्याचे कर्तृत्व मोठे होते.

यावर उपाय साधा आहे. दुरुस्ती करण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. काढलेला भाग फेकू नये, चिठ्ठी लावून ठेवावा. जुने नोंदणीपुस्तक, विम्याचा कागद, गॅरेजची पावती रद्दीत घालू नये. आणि ज्या मिस्त्रीने ती गाडी तीस वर्षे चालविली, त्याला ती आठवण विचारून लिहून ठेवावी. इंजिन पुन्हा घडविता येते. माणसाची आठवण त्याच्याबरोबर जाते.

एक गोष्ट अखेर ध्यानात घेण्यासारखी आहे. पन्नास वर्षांचा हा नियम सतत पुढे सरकणारा आहे. १९५७ पासून रस्त्यावर आलेली आणि २०१४ साली बंद झालेली अँबेसिडर, किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, यांच्या आरंभीच्या गाड्या आता त्याच रांगेत येऊन उभ्या राहिल्या आहेत. काल ज्या गाडीने कारकुनाला कचेरीत आणि नवरीला सासरी पोचविले, ती आज इतिहासाची वस्तू झाली आहे. रायपूरच्या जी. ई. रोडवरील एखाद्या गॅरेजच्या मागील अंगणात अशी गाडी उभी असेल, तर तिच्यासाठी संस्थानिकाची वंशावळ शोधण्याचे कारण नाही. बॉनेट उघडावे, क्रमांक टिपून घ्यावा, आणि मिस्त्रीला हाक मारावी.