घोड्यातील पोटशूळ : ओळख व उपचार यांचा इतिहास

घोड्याच्या उदरात उद्भवणाऱ्या तीव्र वेदनेला पोटशूळ किंवा नुसते शूल म्हणतात. हा एक स्वतंत्र रोग नसून अनेक भिन्न विकारांचे समान असे बाह्य लक्षण आहे. आतड्यात वायू साचणे, कोरडा चारा घट्ट होऊन तुंबणे, आतड्याच्या स्नायूंना आचके येणे, आतड्यास पीळ पडणे, त्याचा एक भाग दुसऱ्यात शिरणे, कृमी, वाळू अशी कारणे अनेक. पण बाहेरून ती जवळजवळ एकाच रूपात दिसतात. यामुळे या विकाराच्या इतिहासात एक विसंगती आढळते. घोड्याचे पोट दुखत आहे हे ओळखण्याची विद्या दोन हजार वर्षांहून जुनी आहे. पोटात नेमके काय बिघडले आहे हे जाणण्याचे शास्त्र मात्र गेल्या दोन-अडीच शतकांतील असून त्या ज्ञानाच्या आधारे गंभीर रुग्ण वाचविण्याचे सामर्थ्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले.

या विकाराचे मूळ घोड्याच्या शरीररचनेत आहे. पूर्ण वाढलेल्या घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असून त्यात सुमारे ८ ते १५ लिटर अन्न मावते. जठराच्या मुखाशी असलेला वलयाकार स्नायू इतका बळकट असतो, की घोड्याला सहसा ओकारी होत नाही. त्यामुळे जठरात दाब वाढला, तर ते फुटण्याचा धोका असतो. त्यापुढे सु. २० मी. लांबीचे लहान आतडे, सु. १ मी. लांबीची अंधनाल आणि नंतर प्रचंड आकाराचे मोठे आतडे येते. गवतातील तंतुमय भाग अंधनालेत व मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीवांच्या साह्याने आंबवला जातो. मोठे आतडे दुमडून पोटात बसलेले असते. कटीजवळील वळणावर ते एकदम अरुंद होते व त्याचा बराचसा भाग उदराच्या भित्तीला जखडलेला नसतो. अरुंद वळणावर चारा तुंबतो, तर मोकळ्या भागाला पीळ पडू शकतो. दिवसाचा बहुतेक वेळ थोडे थोडे गवत खात हिंडणाऱ्या प्राण्यासाठी ही रचना सोयीची आहे. दिवसातून दोन-तीन वेळा चंदी खाऊन उरलेला वेळ ठाणावर बांधून राहणाऱ्या प्राण्यासाठी ती सोयीची नाही.

प्रारंभी घोडा चंदीकडे पाठ फिरवतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, मान वळवून कुशीकडे पाहतो आणि वरचा ओठ उचलतो. लघवीसाठी ताणल्यासारखा उभा राहतो, पण लघवी होत नाही. लीद कमी होते किंवा थांबते. पुढे तो मागच्या पायाने पोटावर लाथा मारतो, वारंवार बसतो व उठतो, शेवटी लोळू लागतो आणि घामाने निथळतो. विश्रांतीच्या स्थितीत जबड्याखालच्या रोहिणीवर मिनिटाला सु. २८ ते ४४ ठोके मोजता येतात; ते ६० च्या वर गेले तर प्रकरण चिंतेचे, आणि ८० च्या वर टिकून राहिले तर बहुधा गंभीर समजतात. निरोगी हिरडी गुलाबी व ओलसर असते. बोटाने दाबून सोडल्यावर तिचा रंग दोन सेकंदांत परत न आल्यास रक्ताभिसरण मंदावले आहे असे ठरते. कुशीला कान लावल्यास निरोगी घोड्याच्या आतड्यांची गुरगुर ऐकू येते. ती पूर्ण थांबणे हे अशुभ लक्षण होय. तथापि सर्वांत फसवे लक्षण म्हणजे तडफडणारा घोडा अचानक शांत होणे. जठर किंवा आतडे फुटल्यावर ताण नाहीसा होऊन वेदना क्षणभर थांबते. मालकाला उतार पडल्यासारखे वाटते आणि काही तासांत घोडा मरतो.

या विकाराचे फार जुने वर्णन ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांच्या प्राणिविषयक ग्रंथात मिळते. कुरणात चरणाऱ्या घोड्यांना पायाच्या दुखण्याखेरीज रोग होत नाहीत. तबेल्यात बांधलेल्यांना मात्र अनेक होतात, असे सांगून त्यांनी आतड्याच्या एका विकारात घोडा मागचे पाय पोटाखाली इतके पुढे ओढतो, की तो जवळजवळ ढुंगणावर बसतो, असे नमूद केले आहे. जठर फुगलेला घोडा कुत्र्यासारखा बसतो, हे आजही पाहण्यात येते. पहिल्या विधानात अतिशयोक्ती असली, तरी त्यातील मर्म खरे आहे. ॲरिस्टॉटल यांच्या आधीच्या पिढीतील झेनोफन यांनीही घोडा गव्हाणीतील दाणा बाहेर टाकू लागला, तर मालकाने ते आजाराचे चिन्ह समजावे, असे सांगून त्याच्या कारणांत जव अधिक झाल्याचा अंतर्भाव केला आहे.

रोमन काळातील उपचार मात्र निदानाच्या तोडीचे नव्हते. पहिल्या शतकातील कृषिलेखक कॉल्युमेला यांच्या मते पोहणारे बदक नुसते दृष्टीस पडले, तरी बैलाची पोटदुखी थांबते आणि खेचरे व घोडे यांना तर ते अधिकच लागू पडते. हे हास्यास्पद वाटले, तरी असा समज का टिकला हे समजून घेण्यासारखे आहे. आतड्याच्या आचक्यांमुळे होणारा सौम्य शूल पुष्कळदा कोणत्याही उपचाराविना तासा-दोन तासांत शमतो. त्यामुळे बदकाला, आणि पुढील शतकांतील कित्येक काढ्यांना व मंत्रांना, यशाचे श्रेय फुकट मिळत गेले. चौथ्या शतकातील लष्करी अश्ववैद्य ॲप्सिर्टस यांच्यासारख्यांचे अनुभव पुढे बायझंटिन काळात ग्रीक भाषेतील अश्ववैद्यकाच्या मोठ्या संग्रहात एकत्र करण्यात आले.

भारतात अश्ववैद्यकाची परंपरा शालिहोत्र या नावाशी जोडलेली आहे. घोड्याच्या वैद्याला ‘साळोत्री’ हा शब्द त्या नावावरूनच आला. नकुल व जयदत्त यांच्या नावांवर असलेल्या संस्कृत ग्रंथांत घोड्याच्या रोगांची मांडणी माणसाप्रमाणेच वात, पित्त व कफ या दोषांच्या आधारे केलेली आहे. शालिहोत्राची फार्सी भाषांतरे बहमनी सुलतानांच्या व पुढे मोगलांच्या काळात झाली, तर एक इंग्रजी भाषांतर कलकत्त्यास १७८८ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधांपेक्षा आहाराविषयीचा भारतीय विचार अधिक टिकाऊ ठरला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोड्याला धान्य भिजवून किंवा शिजवून द्यावे, आणि शरीराची झीज वा वाढ पाहून व ऋतुमानाप्रमाणे आहार ठरविणे हे वैद्याचे काम असल्याचे म्हटले आहे. उपचाराच्या किंवा औषधाच्या दोषाने रोग बळावल्यास दुप्पट दंड, आणि जनावर दगावल्यास त्याच्या किंमतीइतका दंड सांगितलेला आहे. अश्ववैद्याच्या चुकीला किंमत असते, याची इतकी स्पष्ट नोंद प्राचीन वाङ्मयात विरळाच.

दख्खनमध्ये घोड्याच्या चंदीत हरभरा प्रमुख होता. पागेतील मोतद्दार तो भिजवूनच तोबऱ्यात घालीत. कोरडा हरभरा पोटभर खाऊन घोडा वर पाणी प्याला, तर दाणे जठरात फुगतात आणि ओकारी होत नसल्याने परिणाम प्राणघातक होऊ शकतो. दमलेल्या घोड्याला आल्या आल्या चंदी न देता आधी टहलवून थंड करण्याची रीतही याच जातीची. ही पथ्ये कोणत्याही शरीररचनाशास्त्राच्या पाठबळाविना केवळ मेलेल्या घोड्यांच्या अनुभवावर उभी राहिली होती, आणि तरीही ती बरोबर होती.

यूरोपात पशुवैद्यकाचे विधिवत शिक्षण क्लोद बूर्झला यांनी १७६१ मध्ये लीआँ येथे स्थापन केलेल्या विद्यालयापासून सुरू झाले. इंग्लंडमध्ये त्याची सुरुवात एका प्रसिद्ध घोड्याच्या पोटशुळाशी निगडित आहे. एकही शर्यत न हरलेला ‘एक्लिप्स’ हा घोडा २७ फेब्रुवारी १७८९ रोजी पंचविसाव्या वर्षी या विकाराने मरण पावला. त्याचे विच्छेदन फ्रेंच पशुवैद्य सँबेल यांनी केले. त्यातून त्यांना मिळालेली कीर्ती लंडनमध्ये १७९१ मध्ये स्थापन झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राध्यापकपद मिळण्यास उपयोगी पडली. सँबेल यांचे लक्ष प्रामुख्याने एक्लिप्सच्या हाडांच्या प्रमाणांवर व गतीच्या रहस्यावर होते. घोडा का धावला हे जगाला हवे होते; तो का मेला, याविषयी तितके कुतूहल नव्हते.

एकोणिसाव्या शतकात शहरे घोड्यांवर चालत असताना या विकाराचे आर्थिक महत्त्व वाढले. मुंबईत १८७४ ते १९०५ या काळात ट्रामगाड्या घोडे ओढीत. तेथे १८८३ मध्ये बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय व त्याला जोडून १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्या काळातील यूरोपीय उपचारही मात्र कठोरच होते. शीर तोडून रक्त काढीत, नळकांड्याने घशात औषध ओतीत आणि घोड्याला दमेपर्यंत पळवीत. ओतलेले औषध श्वासनलिकेत गेल्यास पोटशुळातून वाचलेला घोडा फुप्फुसदाहाने मरे. शतकाच्या अखेरीस कॅलॅबार घेवड्यातील एसेरीन आणि आपल्या परिचयाच्या सुपारीतील ॲरेकोलीन या द्रव्यांची अंतःक्षेपणे रूढ झाली. ती आतड्याचे जोरदार आकुंचन घडवीत. साध्या तुंबण्यात त्यांचा उपयोग होई, पण पीळ पडलेल्या किंवा पूर्ण बंद झालेल्या आतड्यावर असा जोर पडला तर ते फुटे. औषध प्रभावी होते. कोणत्या घोड्याला ते द्यावयाचे नाही, हे ठरविण्याचे साधन नव्हते.

कारणमीमांसेतील महत्त्वाचा टप्पा म्हणजे ओटो बोलिंगर यांचे १८७० मधील संशोधन. एका जातीच्या गोलकृमींच्या अळ्या आतड्याला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीच्या भित्तीत शिरून तेथे फुगवटा व गुठळ्या निर्माण करतात, आणि रक्तपुरवठा तुटल्याने शूल उद्भवतो, असे त्यांनी दाखविले. यावर परिणामकारक उपाय मात्र सु. नव्वद वर्षांनी हाती आला. थायाबेंडाझोल हे कृमिनाशक १९६१ मध्ये, तर आयव्हरमेक्टीन १९८१ मध्ये उपलब्ध झाले. नियमित औषधोपचार होणाऱ्या तबेल्यांत या कृमीचे प्रमाण खूप घटले. पण सरसकट वापरामुळे इतर लहान कृमींत औषधरोधकता वाढली. म्हणून आता लिदीतील अंडी मोजून मगच औषध देण्याकडे कल आहे. पहिल्या महायुद्धात ईजिप्त व पॅलेस्टाइनमधील घोडदळाला आणखी एका कारणाने पछाडले. जमिनीवर टाकलेल्या दाण्याबरोबर घोडे वाळू गिळीत व ती मोठ्या आतड्यात साचे.

विसाव्या शतकात नाकातून जठरापर्यंत घातली जाणारी रबरी नळी हे अत्यंत साधे पण मोठे साधन ठरले. तिच्यातून औषध सुरक्षितपणे जठरात पोचते आणि साचलेला वायू व द्रव बाहेर काढता येतो. घोड्याला न येणारी ओकारी माणसाने जणू त्याला बाहेरून मिळवून दिली. गुदमार्गे हाताने तपासणी, उदरातील द्रवाची परीक्षा व पुढे श्राव्यातीत ध्वनीने घेतलेली चित्रे यांमुळे पीळ आणि साधी तुंबण यांतील भेद पुष्कळ अंशी करता येऊ लागला. सुमारे ५०० किग्रॅ. वजनाच्या प्राण्याला उताणे झोपवून पोट उघडणे हे चांगल्या शुद्धिहारक औषधांविना शक्य नव्हते. हॅलोथेनसारखी औषधे १९५० नंतर आली आणि १९६० नंतरच्या दशकांत अशा शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रांत नित्याच्या झाल्या. यश वेळेवर अवलंबून असते. रक्तपुरवठा तुटलेल्या आतड्याचे आतील अस्तर काही तासांत मरते व सूक्ष्मजंतूंची विषे रक्तात शिरतात. मग पीळ सोडवूनही घोडा वाचेलच असे नाही.

यामुळे प्रथमोपचाराचे स्वरूपही बदलले आहे. घोड्यापुढील चारा व चंदी काढून घेणे, पशुवैद्याला ताबडतोब कळविणे, नाडी, हिरड्या व शेवटची लीद यांची वेळेनिशी नोंद ठेवणे आणि घोडा शांत असेल तर त्याला हळूहळू चालविणे, एवढेच मालकाचे काम होय. लोळण्यानेच आतड्याला पीळ पडतो, ही समजूत सिद्ध झालेली नाही. घोड्याला रात्रभर फिरवून थकविण्यात लाभ नसून हिंसकपणे लोळणाऱ्या घोड्याजवळ जाणे धोक्याचे असते. तोंडाने तेल किंवा काढा पाजू नये. वेदनाशामक औषध पशुवैद्याला विचारल्यावाचून दिल्यास वेदना झाकली जाते आणि शस्त्रक्रियेची वेळ टळून जाते.

बहुसंख्य घोडे औषधोपचारानेच बरे होतात. उरलेल्यांच्या बाबतीत ज्ञान सर्वांना सारखे उपयोगी पडत नाही. शर्यतीच्या घोड्याला शस्त्रक्रिया मिळू शकते. टांग्याच्या किंवा वरातीच्या घोड्याच्या मालकाला तिचा खर्च सहसा झेपत नाही, आणि घोडा गेला तर त्याच्या घराची मिळकतच जाते. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने प्रवासी व सामान वाहण्यासाठी घोडे अजूनही वापरात आहेत. तेथील घोड्याला शस्त्रक्रियेसाठी खाली न्यावयाचे झाल्यास तो आधी दस्तुरी नाक्यापर्यंत, दुखत्या पोटाने, स्वतःच्या पायांनी चालत यावा लागतो.