पंडिता रमाबाई : एका ख्रिस्ती मातेचा विचार

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की त्यांची संस्कृत विद्वत्ता, शारदासदन आणि त्यांचे धर्मांतर या तीन गोष्टी प्रथम आठवतात. माता म्हणून त्यांचा विचार त्यामानाने थोडाच झाला आहे. वस्तुतः धर्म बदलला तरी मुलाला काय द्यावयाचे, हा प्रश्न रमाबाईंना आयुष्यभर सोडवावा लागला. तो त्यांनी कसा सोडविला, हे पाहण्याचा येथे आमचा हेतू आहे.

आरंभ रमाबाईंच्या मातेपासून केला पाहिजे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, सनातन्यांचा विरोध पत्करून संस्कृत शिकविले. सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात, आजच्या कर्नाटकाच्या हद्दीत, २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे कुटुंबाच्या तीर्थयात्रेत या लक्ष्मीबाईच मुलीच्या गुरू झाल्या. पहाटे मुलीला जागे करून जवळ घ्यावे आणि तोंडी पाठ द्यावा, असा त्यांचा क्रम होता. दुष्काळाने ही माता हिरावून नेली. परंतु १८८७ मध्ये अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध करताना रमाबाईंनी तो तिच्याच स्मृतीस अर्पण केला. रमाबाई तेव्हा ख्रिस्ती होत्या. ख्रिस्ती लेखिकेने हिंदू मातेचे ऋण असे उघडपणे मान्य करावे, यात आम्हांस त्यांच्या मनाचे खरे दर्शन घडते.

रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमा एप्रिल १८८१ मध्ये जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये तिचे वडील बिपिन बिहारी मेधावी वारले. १८८३ साली तान्ह्या मुलीला घेऊन ही विधवा विलायतेस गेली आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात राहू लागल्या व मनोरमा वाँटेजच्या धर्मभगिनींपाशी राहिली. खरा संघर्ष येथूनच सुरू झाला.

सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता होत्या. मुलीला चर्चची सर्व मते शिकविणे हे त्यांना कर्तव्य वाटे. रमाबाईंचे म्हणणे वेगळे होते. जी मते आपल्या बुद्धीला पटलेली नाहीत, विशेषतः त्रैक्याचा सिद्धान्त, ती आपल्या मुलीच्या मनावर बिंबवू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. मुलीने आपल्या देशबांधवांहून स्वतःला श्रेष्ठ मानू नये, त्यांच्यातीलच एक होऊन राहावे, अशी त्यांची इच्छा होती. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. तो वाचताना उपकारकर्त्यांपुढे नम्र राहूनही न वाकणारी माता आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. सिस्टर जेराल्डीन यांचे मनोरमेवरील प्रेम खरे होते, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. वाद प्रेमाचा नव्हता. मुलाच्या मनावर प्रथम अधिकार कोणाचा, याचा होता.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. रमाबाई मनोरमेसह आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे आणि सदनातील काही मुली येऊन बसत. धार्मिक तटस्थतेचे वचन मोडले, असा आरोप झाला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती समजण्यासारखी होती. त्यांनी विश्वासाने मुली पाठविल्या होत्या. पण आपल्या लेकीबरोबर करावयाच्या प्रार्थनेसाठी दार लावून घ्यावे, हे रमाबाईंना मान्य नव्हते. वाँटेजमध्ये मुलीच्या मनाचे रक्षण करणाऱ्या मातेला पुण्यात इतरांच्या मुलींबद्दल तोच प्रश्न विचारला गेला, ही या चरित्रातील मोठी विसंगती आहे. ती झाकण्याचे कारण नाही.

पुढे १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत व गुजरात येथील निराधार मुली व स्त्रिया केडगावच्या मुक्तिसदनात आल्या. १९०० च्या सुमारास तेथे दीड हजारांच्या घरात माणसे होती. मनोरमा मातेची सहकारी झाली. निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे शाळा काढण्याच्या कामातही तिचा वाटा होता. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, ती वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी अखेरपर्यंत नेटाने पूर्ण केले. विलायतेत वाढलेल्या मुलीची माता अखेरीस सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत धर्मग्रंथ देण्यासाठी झटली, याचे मोल आम्हां भाषाभ्यासकांना वेगळे सांगावयास नको.

उत्तम ख्रिस्ती माता कोणती, याचे उत्तर रमाबाईंनी कोठे सूत्ररूपाने दिले नाही. परंतु मुलाला श्रद्धा द्यावी, ती स्वतःला पटलेली असावी आणि ती देताना त्याची मायभूमी त्याच्यापासून हिरावून घेऊ नये, एवढे त्यांच्या जीवनातून निश्चित दिसते. अरण्यातल्या पहाटे एका मातेने दिलेला पाठ हा याहून निराळा नव्हता.