नांव हरवलेली वेल

मद्याचा इतिहास सांगावयास बसणाऱ्या लेखकास आपल्याकडे प्रथम थोडी क्षमा मागावी लागते. आमच्या घरीं द्राक्षें येतात तीं खाण्यासाठीं, आणि द्राक्षासव म्हटलें कीं औषधाची बाटली डोळ्यांपुढें येते. तेव्हां चिली देशांतील उंची मद्यांची चव वर्णन करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु त्या मद्यांचा इतिहास वाचतां वाचतां एका द्राक्षवेलीची अशी हकीकत हातीं आली कीं, ती वाचकांपुढें ठेवल्यावांचून राहवेना.

चिली देश नकाशावर पाहिला तर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस लावलेली अरुंद किनारच वाटतो. उत्तरेस आटाकामाचें निर्जल वाळवंट, पूर्वेस अँडीज पर्वताची भिंत, पश्चिमेस पॅसिफिक महासागर आणि दक्षिणेस हिमनद्या. या कोंडलेल्या भूमींत युरोपांतील द्राक्षवेल मूळची नव्हे. पेद्रो दे वाल्दिव्हिया या स्पॅनिश सरदारानें १५४१ सालीं सांतियागो शहर वसविलें, आणि पुढें थोड्याच वर्षांत तेथें वेली लागल्या. ख्रिस्ती उपासनेस द्राक्षमद्य लागतेंच. म्हणून जेथें क्रूस गेला तेथें वेलही गेली. या वेलीस पुढें 'पाईस' हें नांव पडलें. त्या शब्दाचा अर्थ 'देश'. म्हणजे आपण 'देशी' म्हणतों तसेंच तें नांव. स्पेनमधील व्यापाऱ्यांच्या हितासाठीं राजा दुसरा फिलिप यानें १५९५ सालीं वसाहतींतील नव्या लागवडीस बंदी केली. पण दूरच्या मळेवाल्यांनीं ती फारशी मानली नाहीं. सुमारें तीनशें वर्षें चिलीची तहान या देशी वेलीनेंच भागविली.

स्वातंत्र्य १८१८ सालीं आलें. रुचीचें पारतंत्र्य मात्र पुढेंच सुरू झालें. खाणींवर गबर झालेल्या घराण्यांनीं स्पेनकडे पाठ फिरवून पॅरिसकडे तोंड केलें. वाडे तिकडच्या धर्तीचे उठले, आणि मद्यही तिकडचेंच हवेंसें झालें. आपल्याकडील पहिल्या इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांची विलायतेवरील भक्ति ज्यांस ठाऊक आहे, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. सिल्व्हेस्त्रे ओचागाव्हिया यानें १८५१ सालीं फ्रान्समधून वेली आणविल्या. या काळांत बोर्दो प्रांतांतील काबेर्ने व मेर्लो या जाती चिलींत आल्या, आणि त्यांच्या सोबत, जणूं वऱ्हाडाबरोबर यावी तशी, कार्मेनेर ही जातही आली. बिचाऱ्या पाईसची रवानगी दक्षिणेकडील गरीब शेतकऱ्यांच्या वाड्यांत झाली.

इकडे फ्रान्सवर संकट कोसळलें. उत्तर अमेरिकेंतून आणलेल्या वेलींबरोबर फिलॉक्सेरा नांवाचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा कीटक युरोपांत पोंचला. तो मुळांतील रस शोषतो आणि वेल हळूहळू मरते. १८६० नंतरच्या दशकांत दक्षिण फ्रान्समध्यें सुरू झालेल्या या रोगानें मळेच्या मळे उजाड केले. अखेर उपाय सांपडला तो असा, कीं अमेरिकन वेलीच्या मुळावर फ्रेंच वेलीचें कलम बांधावयाचें. कारण अमेरिकन मूळ त्या किडीस दाद देत नाहीं. परंतु नवी लागवड करतांना बोर्दोच्या मळेवाल्यांनीं कार्मेनेरला गाळलें. थंड, पावसाळी हवेंत तिचा फुलोरा गळतो आणि फळ उशिरां पिकतें. असल्या वेलीचा पुन्हां कोण खटाटोप करणार? फ्रान्समधून ती जवळजवळ नाहींशी झाली.

चिलींत मात्र वाळवंट, पर्वत व समुद्र यांच्या आड ती कीड शिरलीच नाहीं. तेथील जुन्या वेली आपल्याच मुळांवर उभ्या राहिल्या. कार्मेनेरही जगली, पण नांव विसरून. लोक तिला मेर्लोच समजत. दोहोंची तोडणी एकदम होई. मेर्लो पिकलेली असे, तर कार्मेनेर कित्येक आठवड्यांनीं मागें. मद्यांत हिरव्या ढोबळ्या मिरचीसारखी चव उतरे, आणि 'चिलीची मेर्लो अशीच' म्हणून लोक गप्प बसत. शेवटीं २४ नोव्हेंबर १९९४ रोजीं झां-मिशेल बुर्सिको या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें माइपोच्या खोऱ्यांतील एका मळ्यांत त्या वेली निरखून सांगितलें, कीं ही मेर्लो नव्हे, ही कार्मेनेर! त्यानंतर तिची तोडणी निराळी व उशिरां होऊं लागली, आणि जो दोष वाटत होता तो वेलीचा नसून आपल्या घाईचा होता, हें उमगलें.

खोट्या नांवानें वस्तु कशी झांकली जाते, याचा हा दाखला. याच्या उलट दाखला दहा वर्षांनीं मिळाला. २३ जानेवारी २००४ रोजीं बर्लिन येथें युरोपांतील जाणत्या परीक्षकांपुढें नांवें झांकून मद्यें ठेवण्यांत आलीं. पहिले दोन्ही क्रमांक चिलीच्या मद्यांस मिळाले. फ्रान्सचें जगप्रसिद्ध लाफीत तिसरें आलें. नांव दृष्टीआड होतांच जिभेनें निराळा निवाडा दिला.

या कथेंत आम्हांस एक गोष्ट मात्र खुपते. कार्मेनेरला मान मिळाला तो तिचें फ्रेंच कूळ सिद्ध झालें म्हणून. मग पाईसचें काय? अलीकडील आनुवंशिक तपासणींत तीही कास्तिल प्रांतांतील लिस्तान प्रिएतो ही जुनी जात ठरली आहे, आणि स्पेनच्या मुख्य भूमीवर ती जवळजवळ लोपली आहे. म्हणजे हरवलेलें धन चिलीनें दोनदां सांभाळलें: एकदां श्रीमंतांच्या मळ्यांत, एकदां गरिबांच्या वाड्यांत. पहिल्याचा गौरव तत्काळ झाला. दुसरें सांभाळणाऱ्या माउले व इताता या खोऱ्यांतील शेतकऱ्यांच्या फळास दीर्घकाळ कवडीमोल भाव मिळाला. आतां कांहीं मद्यकार त्या जुन्या वेलींकडे आदरानें वळूं लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट. पण कुळाचा दाखला हातीं येईपर्यंत गुण दिसूं नये, ही खोड केवळ चिलीचीच आहे असें म्हणण्याचें धैर्य, निदान या देशांत बसून, आम्हांस होत नाहीं.