कुर्ल्याच्या इंजिनाचें कुळ

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुधा तिच्या रूपावर भाळतात. आम्ही तिचें कुळ इंजिनांत शोधतों. चिझितालिया २०२ ही इटलींतील क्रीडामोटार न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत शिल्पाच्या मानानें ठेविलेली आहे. तिच्याच जातीच्या उघड्या गाडींतून नुव्होलारी १९४७ च्या मिल्ले मिल्या शर्यतींत दुसरा आला. तिचें इंजिन म्हणजे फियाट ११०० चेंच, १०८९ घनसेंटिमीटरांचें, शर्यतीसाठीं जोर वाढविलेलें. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९६४ पासून जी फियाट डिलाइट निघाली व १९७४ पासून जी पद्मिनी म्हणविली गेली, तिचें इंजिनही याच घराण्यांतलें! शर्यतीची मानकरीण व अंधेरीची टॅक्सी या चुलत बहिणी ठरल्या.

साधेपणा हा या घराण्याचा गुण. हेड उतरावें, पिस्टन काढावे, झिजलेले सिलिंडर बोअर करून आणावे, त्या वाढलेल्या मापाचे नवे पिस्टन व रिंगा घालाव्या. बाकीचें काम घरच्या अंगणांत होतें. व्हॉल्व्ह पेस्ट लावून हातानेंच घासावे; सभोंवार सारखें करडें कडें उमटलें, म्हणजे व्हॉल्व्ह नीट बसला.

वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळें पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, आणि तिच्याबरोबर गल्लोगल्लींचा हा अभ्यासही ओसरला. आतां खाजगी मालक घरीं जीं थोडीं इंजिनें उघडून पुन्हां बांधतात, तींच या विद्येच्या पाठशाळा होत. संग्रहालय गाडीचा आकार जतन करील. तें करडें कडें ओळखणारी नजर मात्र वडिलांनीं मुलांस शेजारीं बसवूनच द्यावी लागते.